मेंदूंतील रक्ताचें मोजमाप

[नभोवाणीवरील भाषण]

इटलींतील ट्युरिन शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अँजेलो मोस्सो नांवाचा शरीरक्रियाशास्त्राचा एक प्राध्यापक होऊन गेला. त्याच्या प्रयोगांत एका शेतकऱ्याचा उल्लेख येतो. अपघातांत या शेतकऱ्याच्या डोक्याला मोठी जखम झाली होती. जखम भरून आली, पण कवटीच्या हाडाचा एक तुकडा कायमचा नाहींसा झाला आणि त्या जागीं मेंदू व बाहेरचें जग यांच्यामध्यें मऊ कातडीचा पडदा तेवढा राहिला. तान्ह्या मुलाची टाळू जशी उडतांना दिसते, तशी ती जागा नाडीबरोबर वरखालीं होत असे. मोस्सोनें तेथें एक नाजूक उपकरण बसविलें आणि फिरत्या कागदावर मेंदूच्या स्पंदनांची रेघ उमटूं लागली.

एके दिवशीं दुपारीं बाराची घंटा झाली. शेतकरी निश्चल होता. हाताची नाडी पूर्वीप्रमाणेंच चालली होती. पण मेंदूची रेघ मात्र एकाएकीं उंचावली. दुपारच्या घंटेबरोबर प्रार्थना म्हणण्याची त्या लोकांत चाल होती. आतां प्रार्थना म्हणावयास हवी होती काय, असें मोस्सोनें विचारतांच रेघ पुनः उंचावली. आठ बारे किती, असें विचारल्यावरही तोच प्रकार घडला.

त्या रेघेचा अर्थ मोस्सोनें बरोबर ओळखला. मेंदू कामाला लागला कीं त्याच्याकडे रक्ताची धांव वाढते, आणि ही वाढ साऱ्या शरीराच्या नाडीवर अवलंबून नसून मेंदूच्या स्वतःच्या गरजेवर अवलंबून असते. परंतु हें दिसलें तें कवटीला भोंक होतें म्हणून. धडधाकट मनुष्याच्या मेंदूपुढें हाडाची भिंत उभी असते; ती फोडल्यावांचून आंतील रक्त मोजावें कसें? जखमेवांचून खिडकी उघडावी कशी? त्यानंतर सव्वाशें वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञ या प्रश्नाचा पाठपुरावा करीत आले. एम्. आर्. आय्. या नांवानें आज शहरोशहरीं परिचित झालेल्या चुंबकीय यंत्रानें त्याचें जें उत्तर दिलें, त्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम मोजावयाची वस्तु केवढी आहे हें पाहिलें पाहिजे. प्रौढ मनुष्याचा मेंदू सुमारें १४०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या शेंकडा दोन भाग असतो. पण स्वस्थ पडलेलें शरीर जो प्राणवायु वापरतें, त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. दर मिनिटास त्याच्यांतून जवळजवळ पाऊण लिटर रक्त वाहून जातें. तथापि कोणत्याही एका क्षणीं मेंदूंत असलेलें रक्त मोजलें, तर तें अवघें पन्नास-साठ घन सेंटिमीटर, म्हणजे अर्धा पेला चहाइतकेंच भरतें.

वाहणारें रक्त आणि सांठलेलें रक्त या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें येथें नीट ध्यानांत घ्यावयास हवें. एखाद्या देवळांत दर मिनिटास दहा माणसें आंत शिरतात आणि तितकींच बाहेर पडतात. प्रत्येक माणूस पांच मिनिटें आंत थांबतो. तर देवळांत कोणत्याही क्षणीं पन्नास माणसें सांपडतील. दर मिनिटाचीं दहा माणसें हा प्रवाह, पांच मिनिटें हा मुक्काम, आणि पन्नास माणसें हा सांठा. या तीहींपैकीं दोन कळलीं कीं तिसरें गणितानें निघतें. मेंदूच्या शंभर ग्रॅम भागांतून दर मिनिटास सुमारें पन्नास घन सेंटिमीटर रक्त वाहतें आणि तें तेथें पांचएक सेकंद रेंगाळतें. म्हणून तेवढ्या भागांतील रक्तसांठा सुमारें चार घन सेंटिमीटर असतो. प्रस्तुत भाषणाचा विषय हा सांठा आहे. तो कोठें, केव्हां आणि किती वाढतो, हा आहे.

ही वाढ फार मोठी असूं शकत नाहीं. एडिंबरोचा अलेक्झांडर मन्रो यानें १७८३ मध्यें आणि लीथ येथील जॉर्ज केली यानें १८२४ मध्यें असें दाखविलें, कीं कवटी ही बंद पेटी आहे. तींत एखादी वस्तु वाढावयाची तर दुसरी तितकीच बाहेर सरली पाहिजे. मेंदूंतील रक्त थोडें वाढलें तर त्याच्या भोंवतालचें पाणी तेवढें खालीं, पाठीच्या कण्याकडे सरकतें. सारा व्यवहार थेंबांचा आहे, आणि थेंब मोजावयाचे ते बंद पेटीच्या बाहेरून.

मोस्सोनें जखम नसलेल्या माणसांसाठीं एक तराजू तयार केला. मधोमध टेकू दिलेल्या फळीवर मनुष्यास समतोल निजवावयाचें आणि त्याच्याकडून बौद्धिक काम करवावयाचें. डोक्याकडची बाजू खालीं झुकली तर रक्त तिकडे गेलें असें समजावयाचें. कल्पना चतुर होती. पण निजलेला मनुष्य श्वास घेतो, किंचित् हलतो, आणि तेवढ्यानेंही फळी डोलते. पुढें १८९० मध्यें केंब्रिज येथें चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन या दोघांनीं जनावरांवर प्रयोग करून असें प्रतिपादन केलें, कीं मेंदूचा जो भाग काम करतो तेथें उत्पन्न होणारीं रासायनिक द्रव्येंच जवळच्या वाहिन्या रुंद करतात. सहा वर्षांनीं लंडनच्या लेनर्ड हिल यानें हें मत अमान्य केलें, आणि त्याच्या अधिकारवाणीमुळें हा विषय कित्येक वर्षें मागें पडला.

तो पुनः पुढें आला तोही एका रोग्याच्या दुर्दैवामुळेंच. बोस्टन येथील एका रोग्याच्या मेंदूच्या मागील बाजूस, जेथें दृष्टीचें काम चालतें तेथें, रक्तवाहिन्यांचें वेडेंवांकडें जाळें वाढलें होतें. सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यानें शस्त्रक्रिया केली, पण तें जाळें काढतां आलें नाहीं. त्या जागेवर श्रवणनलिका ठेवली असतां रक्ताचा घोंघावणारा आवाज ऐकूं येई. रोगी वाचूं लागला कीं तो आवाज वाढे. डोळे मिटून स्वस्थ पडला कीं तो हळूहळू उतरे. जॉन फुल्टन यानें १९२८ मध्यें हें निरीक्षण प्रसिद्ध केलें. वाचन करतांना मेंदूच्या नेमक्या त्याच भागाकडे रक्त धांवतें, हें कानांनीं ऐकलें गेलें.

फिलाडेल्फिया येथें सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनीं १९४५ मध्यें जखमेच्या आधाराशिवाय मोजमापाची रीत काढली. मनुष्याला थोडा हसविणारा वायु हुंगवावयाचा आणि मानेंतील मोठ्या नीलेंत सुई घालून, मेंदूंतून परत येणाऱ्या रक्तांत तो वायु किती उतरला हें पाहावयाचें. यावरून सबंध मेंदूंतील रक्ताचा प्रवाह प्रथमच बिनचूक आंकड्यांत सांगतां येऊं लागला. पण १९५५ मध्यें याच रीतीनें अंकगणित सोडविणाऱ्या तरुणांची परीक्षा झाली, तेव्हां एकूण प्रवाहांत कांहींच फरक आढळला नाहीं. मोस्सोची रेघ मग खोटी होती काय? खोटी नव्हती. शहरांतील एका पेठेंत बाजार भरला म्हणून साऱ्या शहराची लोकसंख्या वाढत नाहीं. फरक शोधावयाचा तर तो पेठ-पेठ निराळी करून शोधला पाहिजे, आणि त्यासाठीं आंकडा पुरत नाहीं, नकाशा लागतो.

असा नकाशा काढण्याच्या कामीं जें यंत्र पुढें उपयोगी पडलें, त्याचें मूळ तत्त्व १९४६ मध्यें अमेरिकेंत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनीं स्वतंत्रपणें सिद्ध केलें. शरीराचा बराच मोठा भाग पाणी आहे, आणि पाण्यांतील हायड्रोजनच्या अणूचें केंद्र हें एक अतिसूक्ष्म लोहचुंबकच आहे. मनुष्याला प्रबळ चुंबकाच्या पोकळींत निजविलें कीं या सूक्ष्म चुंबकांचा कल एका दिशेकडे होतो. मग ठराविक कंपनसंख्येच्या बिनतारी लहरींनीं त्यांना क्षणभर ढकलावयाचें. ढकलणें थांबलें कीं ते पूर्वस्थितीवर येऊं लागतात, आणि येतां येतां स्वतःच क्षीण लहरी बाहेर टाकतात. त्या लहरी टिपून चित्र तयार होतें. दीड टेस्ला शक्तीच्या चुंबकांत ही कंपनसंख्या सुमारें ६४ मेगॅहर्ट्झ असते, तीन टेस्लाच्या चुंबकांत १२८, एफ्. एम्. नभोवाणीचीं केंद्रें याच्या दरम्यान, ८८ ते १०८ मेगॅहर्ट्झवर बोलतात. तेव्हां ज्या जातीच्या लहरींवर भाषणें आणि गाणीं घरोघर पोंचतात, त्याच जातीच्या लहरींनीं मेंदूची विचारपूस होते. हाड त्यांच्या आड येत नाहीं. या संकेतांवरून चित्र कसें काढावें हें पॉल लॉटरबर यानें १९७३ मध्यें दाखविलें. तें अत्यंत जलद कसें काढावें याची रीत पीटर मॅन्सफील्ड यानें त्याच दशकांत बसविली. दोघांना २००३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

तथापि साध्या चुंबकीय चित्रांत मेंदूचा घाट दिसतो, त्यांतील रक्ताचा सांठा वेगळा काढून दाखवितां येत नाहीं. त्यासाठीं रक्तावर कांहीं खूण केली पाहिजे. ही खूण गॅडोलिनियम या धातूनें पुरविली. हा धातु उघड्या स्वरूपांत विषारी आहे. म्हणून त्याला दुसऱ्या रेणूच्या मिठींत घट्ट बांधून त्याचें औषध करतात. तें हाताच्या नीलेंत टोंचलें कीं कांहीं सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें. निरोगी मेंदूच्या वाहिन्यांच्या भिंती त्याला बाहेर झिरपूं देत नाहींत. तें रक्ताबरोबर आंत येतें आणि रक्ताबरोबरच निघून जातें. जातां जातां तें आसपासच्या चुंबकक्षेत्रांत गडबड उडवितें आणि तेवढ्या वेळापुरता त्या जागेचा संकेत मंदावतो. जेथें रक्त अधिक, तेथें औषध अधिक. जेथें औषध अधिक, तेथें संकेत अधिक मंद. दर एक-दोन सेकंदांनीं चित्र काढीत गेलें, तर प्रत्येक जागेचा संकेत किती उतरला आणि किती वेळ उतरलेला राहिला, यावरून तेथील रक्तसांठ्याचें परस्परांशीं प्रमाण काढतां येतें. ओढ्यावरून जाणाऱ्या ढगाची सावली पाहून ढगाचा आकार अजमावावा, तसें हें आहे.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत ब्रूस रोझेन, जॅक बेलिव्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही रीत हातीं घेतली. निरोगी स्वयंसेवकाला यंत्रांत निजवून प्रथम अंधारांत औषध टोंचावयाचें आणि चित्रें घ्यावयाचीं. मग त्याच्या डोळ्यांपुढें दिव्यांची उघडझांप चालू ठेवून पुनः औषध टोंचावयाचें आणि पुनः चित्रें घ्यावयाचीं. दुसऱ्या सांठ्यांतून पहिला वजा केला कीं उरेल तो पाहण्याच्या क्रियेनें ओढून आणलेल्या रक्ताचा नकाशा. असे प्रयोग सात जणांवर झाले. डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिक्षेत्रांत रक्तसांठा सरासरीनें शेंकडा ३२ वाढला होता. हा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकांत नोव्हेंबर १९९१ मध्यें प्रसिद्ध झाला. फुल्टननें त्याच शहरीं एका रोग्याच्या डोक्याला कान लावून जें ऐकलें होतें, तें आतां निरोगी मनुष्यांत, कवटीला धक्का न लावतां, आंकड्यासह दिसलें.

या मोजमापाचा पहिला व्यावहारिक लाभ रुग्णालयांत झाला. घरांतील वडील मनुष्य सकाळीं जागा होतो तो एक हात लुळा पडलेला आणि वाचा अडखळलेली. मेंदूकडे जाणारी एखादी रोहिणी गुठळीनें बंद झालेली असते. रात्रीं केव्हां झालें, कोणास ठाऊक नसतें. जेफ्री सेव्हर या अमेरिकन वैद्यानें २००६ मध्यें हिशेब मांडला, कीं मोठी रोहिणी बंद झाली असतां उपचारावांचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटास सरासरी सुमारें १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात. अशा वेळीं वैद्यापुढें एकच प्रश्न असतो : जो भाग निकामी झालेला दिसतो, तो मेला आहे कीं नुसता निपचित पडला आहे?

रक्ताचा सांठा येथें साक्ष देतो. मुख्य वाट बंद झाली कीं पलीकडच्या बारीक वाहिन्या आपापल्या परीनें रुंद होतात आणि आडवाटेनें येईल तेवढें रक्त धरून ठेवतात. अशा भागांत प्रवाह मंदावलेला असतो, रक्त पोंचण्यास उशीर लागतो, पण सांठा टिकून असतो, कधीं कधीं थोडा वाढलेलाही असतो. तो भाग उपाशी आहे, पण बहुधा जिवंत आहे. जेथें सांठाही कोसळला, तेथें वाहिन्यांचा प्रतिकार संपला. तो भाग बहुतेक गेलाच समजावयाचा. प्रवाह, विलंब, सांठा आणि पेशींतील पाण्याची हालचाल यांचे नकाशे शेजारीं शेजारीं मांडून वाचवितां येण्याजोगा भाग किती आहे याचा अंदाज करतात. क्ष-किरणांच्या सी. टी. यंत्रावरही असे नकाशे काढतां येतात. दोन्ही प्रकारच्या यंत्रांच्या आधारें रोगी निवडून अमेरिकेंत एक मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. रोगी शेवटचा धडधाकट दिसल्यापासून सहा ते सोळा तासांनीं ज्यांची गुठळी नळी घालून काढली, त्यांपैकीं शेंकडा ४५ जण तीन महिन्यांनीं स्वतःचा व्यवहार स्वतः पाहण्याइतके बरे झाले. केवळ औषधोपचार झालेल्यांत हें प्रमाण शेंकडा १७ होतें. पूर्वीं घड्याळाकडे पाहून ज्यांना परत पाठविलें गेलें असतें, अशांपैकीं कित्येकांना या नकाशांनीं उपचाराचें दार उघडून दिलें.

मेंदूंतील गांठीच्या बाबतींतही हें माप उपयोगी पडतें. जोमानें वाढणारी दुष्ट गांठ स्वतःसाठीं नव्या वाहिन्या निर्माण करते. त्यामुळें तेथील रक्तसांठा भोंवतालच्या भागाहून पुष्कळ अधिक असतो. तपासणीसाठीं तुकडा घ्यावयाचा तर तो कोठून घ्यावा, किंवा किरणोपचारानंतर चित्रांत दिसणारा नवा डाग म्हणजे गांठच पुनः वाढली आहे कीं किरणांनीं भाजलेला भाग आहे, हें ठरवितांना शस्त्रवैद्य या नकाशाचा आधार घेतात. मात्र अशा गांठींतील वाहिन्या गळक्या असतात. औषध बाहेर झिरपलें कीं हिशेब चुकतो. तेवढी दुरुस्ती करूनच आंकडा वाचावा लागतो.

असें असलें तरी या रीतींत सुई राहिलीच होती. शिवाय औषधाच्या मात्रेला मर्यादा असल्यामुळें प्रयोग एका बैठकींत एक-दोनदांच करतां येई. गॅडोलिनियमची औषधें बहुतेकांना सोसतात. पण ज्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत अशा कांहीं रोग्यांत त्यांपैकीं विशिष्ट औषधांमुळें कातडी व सांधे कठीण करणारा गंभीर विकार होतो, हें २००६ मध्यें उघडकीस आलें. पुनःपुन्हा औषध घेतलेल्यांच्या मेंदूंत या धातूचा अंश मागें राहतो, असें २०१४ मध्यें जपानी वैद्यांनीं दाखविलें. त्या अंशापासून मेंदूला अपाय होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु निव्वळ जिज्ञासेपोटीं निरोगी माणसाला तें टोंचणें यापुढें कोणास सहज रुचणारें नव्हतें.

सुई टाळण्याची एक वाट तोंवर सांपडलीही होती. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनीं १९३६ मध्येंच दाखविलें होतें, कीं रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायु सोडून देतांच किंचित् चुंबकीय बनतें. म्हणजे रक्ताजवळ निसर्गानें दिलेलें एक चुंबकीय औषध मुळांतच आहे. सेजी ओगावा यानें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९९० मध्यें उंदरांच्या मेंदूंत त्याची खूण पाहिली, आणि १९९२ मध्यें बोस्टन, मिनेसोटा व विस्कॉन्सिन येथील तीन मंडळींनीं मनुष्याच्या मेंदूवर ती रीत लावून दाखविली. ती इतकी सोयीची निघाली कीं औषधाची रीत संशोधनांतून जवळजवळ मागें पडली. पण तिच्यांत एक उणीव होती. तिचा संकेत प्रवाह, सांठा आणि प्राणवायूचा खर्च या तीहींची मिसळ असतो. शिवाय तो कामाच्या जागेपेक्षां तेथून रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या नीलांत अधिक ठळक उमटतो. पाऊस डोंगरांत पडावा आणि पूर खालच्या गांवच्या पुलापाशीं दिसावा, तसा हा प्रकार होतो. रक्तसांठ्याची वाढ मात्र मुख्यतः काम करणाऱ्या मज्जापेशींच्या लगतच्या बारीक वाहिन्यांत होते. ती पावसाच्या ठिकाणाच्या अधिक जवळ असते.

तेव्हां सुईवांचून सांठा मोजावा कसा? अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं हान्झांग लू, पीटर व्हान झाइल आणि त्यांचे सहकारी यांनीं २००३ मध्यें सुचविलेली युक्ति मोठी विलक्षण आहे. त्यांनीं रक्त उजळ करून दाखविण्याऐवजीं तें चित्रांतून पुसूनच टाकलें.

एका बिनतारी लहरीनें मेंदूंतील सारे सूक्ष्म चुंबक उलटे केले, कीं ते हळूहळू सुलटे होऊं लागतात. उलट्यावरून सुलट्याकडे जातांना एक क्षण असा येतो, कीं त्यांचा एकूण परिणाम शून्य असतो. रक्ताचा हा क्षण आणि मेंदूच्या पेशींचा हा क्षण एक नसतो. पेशी आधीं सांवरतात, रक्त मागाहून. नेमक्या रक्ताच्या शून्यक्षणीं चित्र घेतलें, तर पेशी दिसतात आणि रक्त अदृश्य राहतें. आतां घरांत पाहुणे आले कीं घरच्या मंडळींना सरकून बसावें लागतें. पाहुणे दिसत नसले तरी घरच्यांनीं किती जागा सोडली, यावरून पाहुणे किती आले हें ओळखतां येतें. त्याचप्रमाणें वाहिन्या रुंद झाल्या कीं चित्राच्या त्या चौकटींतील पेशींचा वांटा कमी होतो आणि संकेत किंचित् उतरतो. हा उतार शेंकडा एक-दोन इतकाच असतो. पण औषध नसल्यामुळें तेंच चित्र शेंकडों वेळां घेऊन सरासरी काढतां येते. जखम गेली, सुईही गेली. मनुष्यानें स्वस्थ पडून राहावें, एवढेंच मागणें उरलें.

या युक्तीचें फळ प्रबळ चुंबकांत दिसलें. मेंदूची बाहेरची साल, जिला शास्त्रज्ञ बाह्यक म्हणतात, ती दोन ते चार मिलिमीटर जाडीची असते. तेवढ्या जाडींत मज्जापेशींचे थर असतात. कांहीं थरांत बाहेरून निरोप येतात, कांहींतून हुकूम निघतात. लॉरेन्ट्स ह्यूबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील बेथेस्डा येथें सात टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाहून लक्षावधि पटींच्या घरांत जाणाऱ्या क्षेत्रांत, बोटें हलविणाऱ्या माणसांचे रक्तसांठ्याचे नकाशे काढले. ते २०१७ मध्यें प्रसिद्ध झाले. हालचालीचें नियंत्रण करणाऱ्या भागांत वरचे, निरोप घेणारे थर आणि खालचे, हुकूम सोडणारे थर निरनिराळे ओळखूं आले. बोटें स्वतः न हलवितां केवळ स्पर्श झाला, तर वरचे थर जागे होत आणि खालचे तसे होत नसत. ज्वारीच्या दाण्याएवढ्या जाडींत येणारी वाट आणि जाणारी वाट अशी वेगळी दिसावी, ही लहान गोष्ट नव्हे.

अशा यशाबरोबरच एक भ्रमही पसरतो, आणि त्याविषयीं सुशिक्षित मनुष्यानें सावध असलें पाहिजे. वर्तमानपत्रांत मेंदूचें चित्र छापून येतें, त्यावर एक तांबडा ठिपका असतो, आणि खालीं लिहिलेलें असतें कीं प्रेमाची, लोभाची किंवा भक्तीची जागा ही पाहा. तो ठिपका प्रेमाचाही नसतो आणि लोभाचाही नसतो. तो रक्ताचा, आणि पुष्कळदां रक्ताविषयींच्या अनुमानाचा असतो. मज्जापेशींचा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागांत उरकतो. रक्त एक-दोन सेकंदांनीं निघतें आणि पांच-सहा सेकंदांनीं भर गांठतें. मनुष्यानें कांहीं विचार न करतां केवळ श्वास रोखून धरला, तरी रक्तांतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढून मेंदूंतील रक्तसांठा वाढतो. म्हातारपणीं वाहिन्या ताठर होतात. मग काम तेवढेंच असलें तरी रक्ताचा प्रतिसाद कमी पडूं शकतो. कॉफीच्या एका पेल्यानेंही वाहिन्या आंखडतात. अशा साक्षीदाराची साक्ष घ्यावी, पण उलटतपासणी करून घ्यावी.

ट्युरिनच्या त्या शेतकऱ्याकडे शेवटीं पुनः वळावेंसें वाटतें तें यासाठींच. त्याच्या मेंदूवरील रेघ आणि आजचा थराथरांचा नकाशा यांमध्यें केवढें अंतर पडलें आहे! त्याच्यासारखी जखम आतां कोणाला लागत नाहीं. कवटी शाबूत ठेवून, सुई न टोंचतां, मिलिमीटराच्या आंत थेंबाच्याही अंशाचा हिशेब होतो, आणि पक्षघातानें पडलेल्या मनुष्याचा कोणता भाग अजून जिवंत आहे हें त्यावरून कित्येकदां कळतें. परंतु घंटा वाजली तेव्हां मोस्सोला दिसलें तें एवढेंच, कीं रेघ उंचावली. ती प्रार्थनेच्या आठवणीनें उंचावली, हें त्याला त्या शेतकऱ्याला विचारावें लागलें. यंत्र कितीही सूक्ष्म झालें, तरी रक्त कोठें गेलें एवढेंच तें सांगेल. तें कशासाठीं गेलें हें कळावयाचें, तर त्या मनुष्यालाच विचारलें पाहिजे, आणि तो काय सांगतो तें ऐकून घेतलें पाहिजे.